ओळखीचा सूर परततो तेव्हा: नवा प्रोग अल्बम आणि अंगावर येणारा काटा

प्रोग्रेसिव्ह रॉकचा, म्हणजे थोडक्यात प्रोगचा, नवा अल्बम येणार म्हटलं की त्याचे चाहते अवघड ठेके, वीस-वीस मिनिटांची गाणी आणि कीबोर्डची करामत यांची वाट बघत असतील, असा बाहेरून समज असतो. ते सगळं हवंच असतं. पण खरी ओढ असते ती एका क्षणाची. दहा-बारा मिनिटं चाललेल्या गुंतागुंतीतून एकाएकी वाट मोकळी होते, गिटारचा एक लांब सूर वर चढतो किंवा गायकाचा आवाज नेमक्या जागी येऊन ठेपतो, आणि अंगावर सरसरून काटा येतो. काहींचा गळा दाटून येतो. यातलं नवल असं की अल्बम अजून कानावर पडलेलाच नसतो. गाणं कोणतं, मिनिट कितवं, वाद्य कोणतं, काही म्हणजे काही ठाऊक नसतं. तरी तो क्षण येणार याची खात्री असते, आणि पहिल्यांदाच ऐकताना तो जवळ आल्याची चाहूलही लागते.

ही चाहूल लागते कशी, हे एकदा समजलं की हे संगीत पुष्कळ सोपं होतं. प्रोग डोक्यावरून जातं असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी तर हे समजून घेणं जास्तच मोलाचं आहे.

मन नेहमी एक पाऊल पुढे

गाणं ऐकताना कान आत्ताचा सूर ऐकत असतो आणि मन पुढच्या सुराचा अंदाज बांधत असतं. हा अंदाज आपण ठरवून बांधत नाही, तो बांधला जातोय हेही आपल्याला कळत नाही. अंदाज चुकला की मात्र लगेच कळतं. ओळखीच्या गाण्यात कुणी एक सूर चुकीचा लावला तर संगीत न शिकलेला माणूसही दचकतो, ते यामुळेच.

अमेरिकेतले संगीत-अभ्यासक लेनर्ड मायर यांनी १९५६ साली असं मांडलं, की संगीतातून उमटणाऱ्या भावनेचं मूळ या अंदाजांमध्ये आहे. संगीतकार अपेक्षा जागवतो, ती पुरी करायला उशीर लावतो, मध्येच तिला बगल देतो आणि मग आपल्याला हवं होतं ते देऊन टाकतो. तबल्यावर तिहाई सुरू झाली की समेवर मान हलवायला श्रोता आधीपासून सज्ज असतो, तोच हा प्रकार. पन्नास वर्षांनी, २००६ मध्ये, संगीत-अभ्यासक डेव्हिड ह्युरन यांनी ही कल्पना बरीच पुढे नेली. अपेक्षेचे त्यांनी पाच टप्पे पाडले: आधी मनात चित्र उभं राहणं, मग क्षण जवळ येताना चढणारा ताण, अंदाज खरा ठरला की खोटा याची नोंद, त्या क्षणाची तडकाफडकी प्रतिक्रिया, आणि शेवटी जरा शांत झाल्यावर केलेला विचार.

आपल्याला यातला ताणाचा टप्पा सगळ्यांत महत्त्वाचा. ह्युरन यांचं म्हणणं असं, की आधीची अवस्था जितकी अवघडलेली तितकी सुटका मोठी वाटते. तोच सूर, तोच कॉर्ड (एकाच वेळी वाजणाऱ्या सुरांचा गुच्छ) गाण्याच्या सुरुवातीला आला असता तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं. नऊ मिनिटं अडवून ठेवल्यावर आला म्हणून डोळ्यांत पाणी येतं. प्रोगमधली लांबी पुष्कळदा हौसेची किंवा दिखाव्याची मानली जाते, आणि काही अल्बमांच्या बाबतीत ते खरंही आहे. पण चांगल्या अल्बममध्ये ती लांबी हेच भावनेचं भांडवल असतं.

न ऐकलेल्याची ओळख

मग नव्या अल्बमचं काय? त्याची तर काहीच आठवण नाही, अंदाज बांधायचा कशावर?

मानसशास्त्रज्ञ जमशेद भरूचा यांनी इथे एक फार उपयोगी फरक दाखवून दिला. संगीताबाबत आपल्याकडे दोन तऱ्हेच्या अपेक्षा असतात. एक सवयीतून आलेली: अशा तऱ्हेच्या संगीतात साधारण काय होतं, या कॉर्डनंतर बहुधा कोणता कॉर्ड येतो, चार वेळा वाजलेली ओळ पाचव्यांदा कशी वळते. दुसरी आठवणीतून आलेली: हे विशिष्ट गाणं मी ऐकलंय आणि आता गिटार येणार. नवा अल्बम ऐकताना दुसरी पाटी कोरी असते, पण पहिली भरलेली असते. वर्षानुवर्षं या धाटणीचं संगीत ऐकलेल्या माणसाला त्यातले रिवाज अंगवळणी पडलेले असतात. ड्रम्स अचानक अर्ध्या वेगात गेले, बास एकाच सुरावर ठाण मांडून बसला, कीबोर्डवर समूहगानासारखा आवाज पसरला की त्याचं मन आपसूक सावध होतं.

या फरकातून आणखी एक कोडं सुटतं. शंभरदा ऐकलेल्या गाण्यातलं अनपेक्षित वळण शंभराव्या वेळीही का हलवतं? आठवणीला ते वळण पाठ असतं, सवयीला मात्र ते दर वेळी नवंच असतं. सवय आपला अंदाज बांधतच राहते आणि दर वेळी त्याच जागी चकते.

मेंदूत काय घडतं

माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात रॉबर्ट झाटोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर बरीच वर्षं काम केलं आहे. २००१ मध्ये अ‍ॅन ब्लड आणि झाटोरे यांनी लोकांना त्यांनीच निवडलेलं, हमखास शहारा आणणारं संगीत ऐकवलं आणि त्या वेळी मेंदूचं स्कॅनिंग केलं. अन्न किंवा शरीरसुख यांनी जे भाग जागे होतात त्यांच्यात इथेही हालचाल दिसली.

त्याहून महत्त्वाचं निरीक्षण २०११ मधलं. वॅलोरी सालिमपूर, झाटोरे आणि इतरांनी डोपामिन या रसायनाचा मागोवा घेतला. शहाऱ्याच्या ऐन क्षणी ते न्यूक्लियस अकम्बन्स या भागात स्रवत होतं. पण त्याच्या आधी, नुसती चाहूल लागलेली असताना, ते कॉडेट या वेगळ्या भागात स्रवत होतं. वाट बघणं आणि मिळणं या मेंदूच्या लेखी दोन वेगळ्या घटना आहेत, आणि दोन्हींना आपापलं बक्षीस आहे. म्हणून तर गिटार सोलोच्या आधीचा अर्धा मिनिट कधी कधी सोलोइतकाच प्रिय वाटतो.

डोपामिनला सरसकट 'आनंदाचं रसायन' म्हटलं जातं, तेवढं सोपं ते नाही. त्याचा संबंध ओढीशी, हवंहवंसं वाटण्याशी आणि अंदाज चुकण्या-जुळण्याशी जास्त आहे. संगीताच्या सुखात त्याचा हात खरोखर आहे का, हे तपासायला २०१९ मध्ये एका प्रयोगात त्याच लोकांना एकदा डोपामिन वाढवणारं औषध दिलं, एकदा त्याला आडकाठी करणारं. पहिल्याने संगीताचा आनंद वाढला, दुसऱ्याने घटला.

नव्या अल्बमच्या दृष्टीने मला सर्वांत मोलाचा वाटतो तो २०१३ मधला प्रयोग. सालिमपूर यांच्या गटाने लोकांना पूर्वी कधीच न ऐकलेल्या गाण्यांचे छोटे तुकडे ऐकवले आणि हे गाणं विकत घ्यायला किती पैसे मोजाल, असं विचारलं. न्यूक्लियस अकम्बन्समधली हालचाल जितकी जास्त तितकी बोली मोठी. आणि आवडलेल्या गाण्यांच्या वेळी हा भाग मेंदूच्या श्रवणाशी संबंधित भागाबरोबर अधिक घट्ट जोडीने काम करत होता. आजवर ऐकलेल्या संगीताचे साचे जिथे साठलेले असतात तोच हा श्रवणाचा भाग. म्हणजे पहिल्यांदा ऐकलेलं गाणंही मेंदू आपल्या साठ्याशी ताडून बघत असतो. ज्याचा साठा वेगळा, त्याला त्याच गाण्यात वेगळं काही सापडणार. एकाच अल्बमवर दोन जाणकारांचं मत टोकाचं वेगळं असतं तेव्हा दोघेही प्रामाणिक असू शकतात.

शहारा सगळ्यांनाच येतो असंही नाही. काहींना कधीच येत नाही, तरी ते संगीतात पूर्ण बुडालेले असतात. आणि एक छोटा गट असाही आहे ज्यांना इतर सगळ्या गोष्टींत रस वाटतो पण संगीतात मुळीच सुख वाटत नाही. बार्सिलोनातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये हे दाखवून दिलं. असा माणूस अरसिक नसतो, त्याच्या मेंदूची जडणघडण वेगळी असते.

गोंधळात भेटलेलं ओळखीचं

आता या सगळ्याच्या गाभ्याशी येऊ. २०१९ मध्ये लायप्झिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या व्हिन्सेंट चेउंग, श्टेफान कोल्श आणि सहकाऱ्यांनी लोकप्रिय इंग्रजी गाण्यांतल्या हजारो कॉर्डचं संगणकाने विश्लेषण केलं. प्रत्येक कॉर्डसाठी दोन गोष्टी मोजल्या: तो येण्याआधी ऐकणारा किती खात्रीत होता, आणि आल्यावर त्याला किती धक्का बसला. मग चाली आणि शब्द काढून टाकून नुसते कॉर्ड लोकांना ऐकवले. सुख दोन ठिकाणी जास्त सापडलं. पुढे काय येणार याची पक्की खात्री असताना भलतंच आलं तेव्हा. आणि पुढे काय येणार याचा काही पत्ता नसताना साधंसरळ, अपेक्षित असं काही आलं तेव्हा.

पहिला मार्ग सगळ्यांना माहीत आहे. तीन मिनिटांचं साधं गाणं शेवटच्या कोरसला अचानक एक सूर वर चढतं, ते या वाटेनं. प्रोग्रेसिव्ह रॉक मात्र दुसऱ्या वाटेवर जगतं, असं माझं ठाम मत आहे. हे संगीत तुम्हाला जाणूनबुजून अनिश्चिततेत ढकलतं. ठेका सात मात्रांचा, मध्येच नऊचा, मग पाचचा. स्वरस्थान बदलत राहतं. एक ओळ पुरी व्हायच्या आत दुसरी सुरू होते. अंदाज बांधायची यंत्रणा अखंड राबत असते आणि वारंवार तोंडघशी पडते. अशा वेळी तुमच्या ओळखीची एक सुरावट चार मात्रांच्या सरळ ठेक्यावर समोर आली की जे वाटतं त्याला धक्का म्हणता येणार नाही, तो दिलासा असतो. हरवलेलं माणूस दिसावं तसा.

म्हणून या संगीतातला भावनेचा क्षण बहुतेक वेळा नव्या सुरावटीचा नसतो. ती सुरावट तुम्ही आधी ऐकलेली असते, पण लहान रूपात, बाजूला, सहज जाता जाता. नव्या अल्बममध्ये हा क्षण येण्याआधीच हेरायचा असेल तर हीच किल्ली आहे: पहिल्या काही मिनिटांत कुठली छोटी चाल फारसा गाजावाजा न करता वाजून गेली, इकडे लक्ष ठेवा.

याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण जेनेसिस या इंग्लिश बँडच्या १९७३ मधल्या 'फर्थ ऑफ फिफ्थ' या गाण्यात आहे. सुरुवातीला टोनी बँक्स यांचा एकट्याचा पियानो. ऐकायला प्रवाही, पण मात्रा मोजायला जाल तर हात टेकाल, कारण तो १३ आणि १५ सोळांशांच्या (सोळांश म्हणजे पाव मात्रा) तुकड्यांमधून फिरत राहतो. मग गायन. साधारण तिसऱ्या मिनिटाच्या आसपास पीटर गॅब्रिएल बासरीवर एक उदास, संथ चाल वाजवतात. मागे फक्त पियानो. चाल सुंदर आहे, पण ती येते आणि जाते. पहिल्यांदा ऐकणारा तिच्याकडे नुसता मधला विसावा म्हणून बघतो. त्यानंतर पियानो पुन्हा वेग घेतो आणि सुरुवातीचा तो गुंतागुंतीचा भाग आता सिंथेसायझरवर, पूर्ण बँडसह, भरधाव परततो. गुंता अगदी शिगेला पोचतो. आणि मग सगळं रुंदावतं. ठेका संथ होतो, मेलोट्रॉन या जुन्या कीबोर्डचा पडदा पसरतो आणि स्टीव्ह हॅकेट यांची गिटार सूर ताणत, ताणत एक चाल वाजवू लागते. ती बासरीचीच चाल असते.

लक्षात घ्या, हॅकेट इथे बोटांची चपळाई दाखवत नाहीत. सुरुवातीला ते जवळपास बासरीचे सूरच म्हणतात, फक्त प्रत्येक सुराला गिटारचं लांबणं आणि कंप मिळतो. ज्या चालीला तीन मिनिटांपूर्वी आपण 'छान आहे' म्हणून सोडून दिलं होतं, तीच आता सगळ्या बँडच्या ताकदीने समोर उभी राहते. मधल्या अवघड भागाने तिला ही जागा करून दिलेली असते. तो भाग गाळून थेट सोलो ऐकून बघा. वादन तेच, पण परिणाम निम्म्यावर येतो.

चार सूर

अपेक्षेचा खेळ इतका मोठा असायलाच हवा असंही नाही. पिंक फ्लॉइडच्या १९७५ मधल्या 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' या गाण्यात तो चार सुरांत उरकतो. (हा बँड प्रोगमध्ये धरायचा की नाही यावर चाहते वाद घालत राहोत. या एका गाण्यापुरता तरी माझ्या मनात संशय नाही.) गाणं सुरू होतं ते एका जी मायनर कॉर्डच्या संथ धुक्यातून. दोन मिनिटांहून जास्त वेळ कॉर्ड हलतसुद्धा नाही. सिंथेसायझर आणि गिटार त्यावर सावकाश रेंगाळतात. चौथ्या मिनिटाच्या तोंडाशी सगळं विरत जातं आणि डेव्हिड गिलमोर यांची गिटार एकटीच चार सूर वाजवते.

जी हा षड्ज धरला तर ते चार सूर असे: कोमल गंधार, कोमल निषाद, षड्ज आणि शुद्ध धैवत. गुणगुणून बघा. पहिले तीन सूर मायनरच्या उदास घरातले आहेत. चौथ्या जागी सवय कोमल धैवताची वाट बघते आणि तिथे शुद्ध धैवत येतो. तोही नुसता येत नाही, घुमत राहतो. काफीचे सूर कानात मुरलेल्या माणसाला हा धैवत परका वाटणार नाही, पण पाश्चात्त्य मायनरची सवय असलेल्या कानाला तो अर्धवट उघडलेल्या दारासारखा वाटतो. प्रश्न विचारला आहे आणि उत्तर दिलेलं नाही. हेच चार सूर पुन्हा वाजतात, पुन्हा उत्तर नाही. बँड आत शिरतो तेव्हा आपण सुटकेचा श्वास सोडतो. आणि इतकं होऊनही गायन सुरू व्हायला साडेआठ मिनिटांहून अधिक वेळ लागतो. तो पहिला शब्द कानावर पडतो तेव्हा तो शब्द काय आहे यापेक्षा माणसाचा आवाज आला याचंच अप्रूप वाटतं.

चाहुलीच्या खुणा

१९९१ मध्ये इंग्लंडचे मानसशास्त्रज्ञ जॉन स्लोबोडा यांनी ८३ लोकांना विचारलं, की कोणत्या रचनेत नेमक्या कोणत्या जागी तुमच्या शरीरावर परिणाम होतो. मग त्या जागांची स्वरलेखनं तपासली. डोळ्यांत पाणी आणणाऱ्या जागांमध्ये असा सूर वारंवार सापडला जो कॉर्डमध्ये बसत नाही, त्याच्यावर टेकतो आणि मग एक पायरी खाली उतरून त्यात मिसळतो. शहारा आणणाऱ्या जागांमध्ये अचानक बदललेले, तयारी न करता आलेले कॉर्ड जास्त होते. छातीत धडधडायला लावणाऱ्या जागांमध्ये आघात अपेक्षेच्या आधी आलेला होता. इतर अभ्यासकांनाही असं दिसलं, की एकटा आवाज किंवा एकटं वाद्य मोठ्या वाद्यमेळातून वर येतं, तिथे काटा येण्याची शक्यता वाढते.

प्रोगच्या भाषेत सांगायचं तर या खुणा बऱ्याच ठोस आहेत. ड्रमर जोरात वाजवत असतो आणि एकाएकी तोच वेग ठेवून घाव निम्मे करतो. घड्याळ तेच, पण काळ दुप्पट पसरल्यासारखा वाटतो आणि सोलोला मैदान मिळतं. बास एकच सूर धरून बसतो आणि त्याच्यावर कॉर्ड बदलत राहतात. हा ताण वाढवण्याचा फार जुना आणि फार खात्रीचा मार्ग आहे, चर्चमधल्या ऑर्गन-वादकांपासून चालत आलेला. किंवा सगळी वाद्यं गप्प होतात आणि फक्त पियानो उरतो. नवा श्रोता समजतो की गाणं संपत आलं. मुरलेला श्रोता समजतो की आता खरं येणार.

मेलोट्रॉनचा उल्लेख वर आला, त्याबद्दल थोडं सांगितल्याशिवाय राहवत नाही. या कीबोर्डच्या प्रत्येक पट्टीखाली ध्वनिफितीचा एक तुकडा असतो, त्यावर व्हायोलिन, बासरी किंवा गायकवृंदाचा एक सूर आधीच मुद्रित केलेला. पट्टी दाबली की फीत सरकते आणि सुमारे आठ सेकंदांनी संपते. त्यामुळे वादकाला कोणताही सूर अमर्याद धरता येत नाही. किंग क्रिमसन या बँडच्या १९६९ मधल्या पहिल्या अल्बमपासून हा किंचित थरथरता, जुनाट आवाज या संगीताच्या भावविश्वाचा भाग झाला. आजचे बँड संगणकावर त्याची हुबेहूब नक्कल करतात, आणि तो वाजला की ऐकणाऱ्याच्या मनात सगळा जुना साठा जागा होतो. कुठल्याही सुरावटीच्या आधी नुसता आवाजाचा पोतच अपेक्षा निर्माण करतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पूर्ण अल्बमचा पट

एका गाण्यात जे घडतं तेच अल्बमभर पसरवता येतं. ड्रीम थिएटर या बँडच्या १९९९ मधल्या 'सीन्स फ्रॉम अ मेमरी' या कथा सांगणाऱ्या अल्बमच्या सुरुवातीला एक वाद्यसंगीताचा तुकडा आहे. त्यात पुढच्या गाण्यांतल्या चाली आधीच डोकावून जातात, आणि १९९२ मधल्या त्यांच्याच एका गाण्यातल्याही. पहिल्या ऐकण्यात तो नुसता दमदार आरंभ वाटतो. अर्ध्या तासाने त्यातली एक चाल शब्द घेऊन परतते तेव्हा 'ही कुठेतरी ऐकलीय' असं वाटतं आणि कुठे ते आठवत नाही. ही अर्धवट ओळख पूर्ण ओळखीपेक्षा जास्त हलवते, कारण त्या वेळी मन शोधात असतं.

अपेक्षा संगीताच्या बाहेरूनही येते. याच बँडचे ड्रमर माइक पोर्टनॉय २०१० मध्ये बाहेर पडले आणि २०२३ मध्ये परतले. २०२५ च्या फेब्रुवारीत 'पॅरासोम्निया' आला तो २००९ नंतरचा त्यांचा बँडबरोबरचा पहिला स्टुडिओ अल्बम. गाण्यांची यादी बघूनच चाहत्यांनी शेवटच्या गाण्यावर बोट ठेवलं, कारण ते सुमारे साडेएकोणीस मिनिटांचं आहे. इतकं लांब गाणं शेवटी ठेवलंय म्हणजे सगळे धागे तिथे जुळणार, हा या संगीतातला जुना अलिखित करार आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये इंग्लिश संगीतकार स्टीव्हन विल्सन यांचा 'द ओव्हरव्ह्यू' आला. त्यात दोनच रचना, एक सुमारे २३ मिनिटांची आणि दुसरी सुमारे १८. हा आकार सरळ जुन्या लाँगप्ले तबकडीच्या दोन बाजूंचा आहे. एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांहून जास्त संगीत चांगल्या दर्जाने मावत नसे, त्यामुळे १९७० च्या दशकातल्या संगीतकारांना जागवलेली अपेक्षा तेवढ्यात पुरी करावी लागे. १९८२ मध्ये सीडी आली आणि ७४ मिनिटं मोकळी झाली. त्यानंतरचे कित्येक प्रोग अल्बम लांबले, आणि माझ्या मते त्यांतल्या बऱ्याच अल्बमांमध्ये पहिल्या गाण्यात पेरलेली चाल शेवटी परतेपर्यंत ऐकणारा ती विसरून गेलेला असतो. ओळख पटायला आधी आठवण टिकावी लागते.

मग ऐकायचं कसं

पहिल्यांदा ऐकताना मात्रा मोजू नका. मोजणं हे वेगळं सुख आहे आणि त्याला नंतर भरपूर वेळ असतो. पहिल्या खेपेला गोंधळ होऊ द्यावा, कारण दिलासा त्या गोंधळावरच उभा असतो. गाणी उलटसुलट क्रमाने ऐकू नका. 'अकराव्या मिनिटाला रडू येतं' असं कुणी सांगू लागलं तर त्याला थांबवा. एकदा हे कळलं की तुम्ही त्या मिनिटापर्यंत अनुभव घेत नाही, परीक्षकासारखे ताटकळत बसता, आणि क्षण आला की 'एवढंच?' असं होऊन जातं. गाण्याची पुढे सरकणारी रेघही नजरेआड ठेवलेली बरी. किती मिनिटं उरलीत हे दिसत राहिलं की शेवट जवळ आल्याचं मनाला संगीताआधी कळतं.

पहिल्या ऐकण्यात काहीच झालं नाही तर अल्बम बाजूला टाकू नका. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला आठवणीची पाटी भरू लागते, आणि ज्या संगीतात क्षण ओळखीवर उभा असतो तिथे ही पाटी भरल्याशिवाय भागत नाही. पहिल्याच खेपेला सगळं देऊन टाकणारे प्रोग अल्बम फार थोडे असतात.

पुढे एक विलक्षण गोष्ट घडते. मेंदूचे अभ्यासक वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या आणि १९९० च्या दशकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असं दिसलं, की फळाचा रस मिळाला की डोपामिनच्या पेशी उसळतात. पण रसाच्या आधी दर वेळी एक खूण दाखवली तर काही दिवसांनी त्या पेशी रसाला उसळत नाहीत, खुणेलाच उसळतात. आवडत्या अल्बमच्या बाबतीतही काटा येण्याची जागा अशीच मागे मागे सरकताना मला दिसते. सुरुवातीला तो गिटारच्या वरच्या सुरावर येतो. मग सोलोच्या पहिल्या सुरावर. मग सोलोआधीच्या ड्रम्सच्या त्या एका फटकाऱ्यावर. आणि अल्बम अगदी मुरला की त्याच्याही आधीच्या, पहिल्यांदा ऐकताना अजिबात लक्षात न आलेल्या पियानोच्या दोन सुरांवर. अति ऐकलं की मात्र धार जाते, तेव्हा काही महिने तो अल्बम लावू नये. आठवण थोडी पुसट होते, पण सवय कायम राहते, आणि पुन्हा लावल्यावर काटा बहुधा त्या जुन्या वरच्या सुरावर परत आलेला असतो.